चर खणला, गडगा गेला

पर्माकल्चरचा, म्हणजे निसर्गाच्या धर्तीवर शेती आखण्याचा विषय निघाला की माझ्या ओळखीतले लोक दोन गटांत पडतात. एक, व्हिडिओ बघून भारावलेले. दुसरे, "त्यात नवीन काय, आमची आजी हेच करायची" म्हणणारे. मी आधी पहिल्यांत होतो, मग वर्षभर दुसऱ्यांत. आता दोघांशीही पटत नाही.

देवगडजवळ आमची वीस गुंठे उताराची जागा आहे. तिथे मी पर्माकल्चरवाले सांगतात तसा समतल रेषेत चाळीस फूट लांब चर खणला, मातीचा बांध खालच्या अंगाला घातला आणि बांधावर सुपारी नि केळी लावल्या. चर कुठे कामाचा? हिवरे बाजारला, जिथे वर्षाला ४००-५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि प्रत्येक थेंब अडवावा लागतो. आमच्याकडे तो ३००० च्या घरात. वर वीतभर माती, खाली जांभा. जुलैतल्या एका रात्री बांध फुटला आणि खालचा गडगाही (चिऱ्यांची रचीव भिंत) घेऊन गेला. केळीचे कंद त्याआधीच कुजले होते. शेजारचे काका गडग्याचे चिरे वेचू लागले आणि एवढंच म्हणाले, "पाणी खंयसून जाता तां पावसात उभो रवान बघलंस काय रे?" नव्हतं बघितलं. मी एप्रिलात, कोरड्या जमिनीवर आखणी केली होती.

बिल मोलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियातून पर्माकल्चर हा शब्द जगापुढे आणला. त्यांचंही सांगणं आधी निरीक्षण करा हेच. पण निरीक्षणाचा व्हिडिओ कोण बघणार!

आता आजी. मोरीचं पाणी दगडी पन्हळीतून अळवात, तिथून केळीत. कुणी हात लावायचा नाही, बारा महिने फतफतं. हे मात्र अस्सल डिझाइन. (आम्ही पावडरने कपडे धुऊ लागलो तेव्हा अळवाची पानं करपली, आता ते पाणी वेगळं काढलंय.) पण तीच आजी दरवर्षी कवळं (तोडलेल्या फांद्या) नि पातेरा (पालापाचोळा) जाळून राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायची. आणि माडांना पाणी? ती आणि आत्या रहाटाने काढून शिंपायच्या. दोघींच्या कमरा गेल्या. "आजी हेच करायची" म्हणणाऱ्यांतल्या किती जणांनी रहाट ओढलाय? माझा तरी अनुभव, बहुतेक पुरुषच म्हणतात हे.

सध्या मी पातेरा जाळत नाही, माडांच्या आळ्यांत नारळाची सोडणं उलटी मांडून त्यावर पसरतो. पहिल्या वर्षी वाळवी लागली. खोडापासून हातभर लांब ठेवल्यावर त्रास कमी झाला. पाणी आता अडवायचं नाही, वळवायचं. पावसाळा सरला की व्हाळावर (ओढ्यावर) माती भरलेल्या पोत्यांचा तात्पुरता वनराई बंधारा. गडग्याच्या जागी गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) लावलंय, त्याच्या पाल्यात नत्र भरपूर. छाटून थेट आळ्यात.

लावायला गिरीपुष्पाच्या काठ्या हव्या असतील तर मेअखेर येऊन तोडून न्या. कोयती आपली आणा, माझी एकच आहे.