तो पण क्लार्क, मी पण क्लार्क

बावीस वर्षं झाली सरकारी पत्रं टाईप करतोय. "सदर बाब निदर्शनास आली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे." हे वाक्य माझी बोटं झोपेत पण टाईप करतील. कोणाच्या निदर्शनास आली, कार्यवाही कोण करतंय, कधी करणार, विचारायचं नाही, कारण वाक्यात कर्ताच नाहीये. शाळेत बाईंनी कर्मणी प्रयोग शिकवला तेव्हा वाटलं होतं हे कशाला लागणार आयुष्यात! गेल्या आठवड्यात एका फाईलमध्ये घोळ झाला, सही साहेबांची, टिपणीत काय लिहिलं तर "अनवधानाने राहून गेले आहे" आणि केबिनमध्ये बोलावून बोलणी कोणाला, तर मला. जाऊ दे. ऑफिसचं नाव सांगत नाही, तुमच्याही ऑफिसात हेच चालतं.

तर त्या रात्री डोकं शांत करायला दुसऱ्या महायुद्धाचं वाचत बसलो (ज्याचं त्याचं व्यसन) आणि ५ जून १९४४ या एका तारखेवर अडकलो.

त्या दिवशी आयसेनहॉवर, म्हणजे दोस्त राष्ट्रांच्या फौजांचा अमेरिकन सरसेनापती, इंग्लंडमध्ये पोर्ट्समथजवळ होता. हवामान बेभरवशाचं, फ्रान्सवरचा हल्ला एक दिवस आधीच पुढे ढकललेला, आणि शेवटी त्याने 'जायचं' म्हणून सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी दीड लाखाच्या वर माणसं नॉर्मंडीत उतरणार. आता हातात काही उरलं नाही, तर या माणसाने एक छोटा कागद घेतला आणि पेन्सिलीने हल्ला फसला तर द्यायचं निवेदन लिहून ठेवलं. सैन्याने, विमानदळाने, नौदलाने जमेल तेवढं शौर्य दाखवलं, दोष असेल तर तो फक्त माझा, असा मजकूर. टेन्शन इतकं की तारीख टाकताना जूनच्या जागी जुलै लिहिलंय. कागद पाकिटात ठेवला, विसरला, आणि महिनाभराने त्याच्या सहाय्यकाला सापडला म्हणून आज तो आपल्याला माहीत आहे.

पण माझ्यासारख्या टायपिस्टला त्यातलं जे दिसलं ते म्हणजे खाडाखोड. आधी त्याने लिहिलं होतं, सैन्य मागे घेण्यात आलं आहे. अगदी आमचीच भाषा! मग ते खोडलं आणि लिहिलं, मी सैन्य मागे घेतलं आहे. पुढे 'ही मोहीम' असं काहीतरी होतं ते खोडून 'हल्ल्याचा माझा निर्णय' केलं. म्हणजे उद्या काय होणार माहीत नसताना, हजारो पोरं मरणार हे समोर दिसत असताना, हा माणूस बसून कर्मणीचा कर्तरी करत होता. मी ते वाचून दोन मिनिटं गप्पच बसलो राव.

आणि त्याच दिवशी, ५ जूनलाच, तिकडे रोममध्ये काय चाललं होतं? जनरल मार्क क्लार्क कॅपिटोलाईन टेकडीवर पत्रकारांना बोलावून उभा होता. हा अमेरिकेच्या पाचव्या आर्मीचा प्रमुख. रोम आदल्या दिवशी पडलं होतं. आजचा दिवस पाचव्या आर्मीसाठी मोठा आहे म्हणाला. बरोबरीने लढणाऱ्या ब्रिटिश आठव्या आर्मीचा उल्लेख नाही, आणि त्याच आठव्या आर्मीत आपली आठवी इंडियन डिव्हिजन होती, त्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. शेजारी उभे असलेले त्याचेच कोअर कमांडर अवघडले होते म्हणतात. क्लार्ककडे प्रसिद्धीसाठी जवळपास ५० माणसांचा स्टाफ होता आणि फोटो चेहऱ्याच्या डाव्या बाजूनेच काढायचा असा नियम. आपल्याकडचे फ्लेक्सवाले भाऊ-दादा उगाच बदनाम आहेत.

बरं, फोटोचं सोडून देऊ, हौस असते एकेकाला. रोम कसं घेतलं हा खरा मुद्दा. वरचा साहेब होता ब्रिटिश जनरल अलेक्झांडर, त्याचा प्लॅन असा की रोमच्या दक्षिणेला असलेल्या कॅसिनो गावाकडून आठवी आर्मी जर्मनांना रेटत आणेल आणि अँझिओच्या किनाऱ्यावर अडकलेली अमेरिकन फौज बाहेर पडून व्हॅलमोंटोने गावापाशी ६ नंबरचा हायवे, म्हणजे जर्मनांचा माघारीचा रस्ता, तोडेल, मग जर्मन दहावी आर्मी मध्ये सापडेल. २३ मेला फौज बाहेर पडली, काम मस्त चाललं होतं. आणि २५ मेला क्लार्कने मुख्य ताकद डावीकडे रोमच्या दिशेने वळवायचा हुकूम काढला, व्हॅलमोंटोनेकडे ठेवली जेमतेम एक डिव्हिजन. हुकूम द्यायला स्वतः गेला नाही, ऑपरेशन्सचा अधिकारी पाठवला. तिथला कमांडर ट्रस्कॉट चक्रावला, म्हणाला मला क्लार्कशी बोलायचंय, तर क्लार्क वायरलेसवर पण मिळेना. अलेक्झांडरला कळवलं ते नंतर, तेही चीफ ऑफ स्टाफच्या तोंडून. आणि अलेक्झांडर इतका सभ्य की व्हॅलमोंटोनेकडे पण रेटा चालू ठेवाल ना, एवढंच विचारलं. माझ्या मते त्याचीही चूक आहेच, सभ्यपणा वेगळा आणि साहेबपणा वेगळा.

दहावी आर्मी निसटली, उत्तरेला गेली, पुन्हा उभी राहिली.

कमेंटमध्ये कोणीतरी लिहीलच, म्हणून आधीच सांगतो, काही अभ्यासक म्हणतात की जर्मनांना दुसरे रस्ते होते, व्हॅलमोंटोने बंद झालं तरी सगळे सापडले नसते. असेल. क्लार्क भित्रा पण नव्हता. १९४२ मध्ये पाणबुडीतून अल्जीरियाच्या किनाऱ्यावर गुपचूप उतरून, परत येताना पँट समुद्राला अर्पण करून आलेला माणूस आहे तो. कॅसिनोच्या मठावर बाँब टाकायला त्याचा विरोध होता, आणि तिथे तो बरोबर होता असं मला वाटतं. पण अँझिओला जाताना ल्युकस नावाच्या जनरलला यानेच सांगितलं होतं की उगाच मान पुढे काढू नको, आणि ल्युकसने मान आत ठेवली तर फेब्रुवारीत त्यालाच काढून टाकलं. आमच्या ऑफिसात शोभला असता. नाव पण क्लार्कच!

माझा राग मात्र माणगावमुळे आहे. तिथे तहसील कार्यालयापाशी नाईक (हा फौजेतला हुद्दा) यशवंत घाडगेंचा पुतळा आहे, गोवा हायवेने कोकणात जाताना माणगावच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकणाऱ्यांनी एकदा उतरून बघावा. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं, १० जुलै १९४४. म्हणजे रोमच्या फोटोनंतर पाच आठवडे. मशीनगनच्या माऱ्यात सेक्शनमधले सगळे पडले, हे एकटे उरले. धावत जाऊन ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग स्नायपरने टिपलं. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक. क्लार्क वळला म्हणून घाडगे गेले असं मी म्हणणार नाही, युद्ध असं सरळ जोडता येत नाही. पण निसटलेले जर्मन उत्तरेकडच्या त्याच डोंगरांत दबा धरून होते, आणि ते एकेक करून उपटायला कोण गेलं ते बघा. इटलीतलं युद्ध संपायला २ मे १९४५ उजाडलं. त्याआधी ९ एप्रिलला सेनिओ नदीवर संगमनेर भागातल्या निमजच्या नामदेव जाधवांनी (हे पण मराठा लाइट इन्फंट्रीचेच) दोन जखमींना खोल पाण्यातून, सुरुंगांमधून काढलं आणि मग तीन मशीनगन गप्प केल्या. हाताला गोळी लागली तर बंदूक फेकून ग्रेनेडवर काम. तेव्हा इटलीत लढणाऱ्या दोस्त फौजांचा साहेब कोण? क्लार्कच. बढती झाली होती ना.

आणि रोमच्या बातमीचं काय झालं, तर ६ जूनला नॉर्मंडी. एका दिवसात पहिल्या पानावरून गायब. हे वाचून मला जो आनंद झाला तो काही फार चांगल्या माणसाचा नव्हता, कबूल करतो.

घाडगेंची कबर नाही. कॅसिनोच्या युद्ध-स्मशानात जे स्मारक आहे तिथे ४ हजारांहून जास्त नावं कोरलीत, त्यात त्यांचं आहे.

असो. उद्या त्या फाईलचा खुलासा वर जाणार आहे, ड्राफ्ट मीच केलाय. "अनवधानाने राहून गेले आहे" वर पेन नेला होता, खोडायला. पण मग साहेबांचं नाव लिहायचं की माझं, हे ठरेना. तसंच ठेवलंय. अजून अकरा वर्षं नोकरी आहे.