रंग नको, रेडिओ नको, पण एसी?

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर परवा विषय पिंट्यानं काढला. अमेरिकेतल्या स्लेट कंपनीच्या इलेक्ट्रिक पिकअपचे व्हिडिओ त्यानं आम्हा सगळ्यांना दाखवले. दोन सीटची राखाडी गाडी, मागं पाच फुटी हौदा. काचा हातानं फिरवायच्या. मोठा स्क्रीन नाही, स्पीकर नाहीत. गाणी ऐकायची तर आपला मोबाईल आणि आपलाच स्पीकर. रंगसुद्धा कंपनी देत नाही, सगळ्या गाड्या एकाच राखाडी रंगात बाहेर पडणार.

"एप्रिल २०२५ ला दाखवली, आणि दोन आठवड्यांत लाखावर लोकांनी पन्नास-पन्नास डॉलर भरून नंबर लावला," पिंट्या म्हणाला.

अण्णांची उभी हयात टेंपोवर गेली. ते म्हणाले, "काच हातानं फिरवायची यात नवं काय रं? माझ्या गाडीला अजून तीच हाय की."

अण्णांचा प्रश्न बरोबर होता, पण गाडी तिथल्या बाजारात ठेवून बघायला हवी. अमेरिकेत नवी गाडी सरासरी पन्नास हजार डॉलरच्या आसपास पडते, आणि पिकअप म्हणजे घराएवढं धूड. स्लेटनं सुरुवातीला 'वीस हजारांच्या आत' असं सांगितलं होतं, पण त्यात सरकारची ७,५०० डॉलरची करसवलत धरलेली होती. ती ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली. मग कंपनीची भाषा पंचवीस हजारांच्या आसपास अशी झाली, म्हणजे आपले वीस लाखांच्या वर. तिथं ती स्वस्तच. इथं कुणी गुळाच्या धंद्यासाठी एवढे पैसे घालणार नाही.

"मग कशाला बगायची?" गूळवाले दादा म्हणाले. त्यांची जुनी डिझेल गाडी आता कामातून गेली आहे. नवी घ्यायची आहे, म्हणून त्यांना यात खरा रस. "वजन किती घेती ते सांग."

"साडेसहाशे किलो."

"म्हंजे तीस किलोचे गुळाचे एकवीस रवे. बास?"

पिंट्याचा चेहरा पडला, पण आकडे आहेत ते आहेत. टाटानं जून २०२५ मध्ये एस प्रो ही छोटी मालवाहू गाडी आणली. तिची इलेक्ट्रिक गाडी साडेसहा लाखांपासून सुरू झाली आणि ती साडेसातशे किलो घेते. बॅटरी १४.४ किलोवॅट-तासाची, रेंज कागदावर १५५ किलोमीटर. स्लेटची लहानातली लहान बॅटरी ५२.७ ची आणि रेंज २४० किलोमीटर. एवढ्या बॅटरीत एस प्रोच्या साडेतीन बॅटऱ्या मावतील. स्लेट ही हायवेवर दामटायची २०१ हॉर्सपॉवरची गाडी, एस प्रो गल्लीबोळातून माल पोचवणारी. म्हणून त्यांच्या किमतीशी आपली किंमत लावण्यात अर्थ नाही, हे माझं पहिल्यापासूनचं म्हणणं. शिकायचं ते दुसरंच आहे.

मिस्त्रींना ते आधी दिसलं. उद्यमनगरात त्यांचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. हौदे बांधणं, पाटे चढवणं, दारं सरळ करणं हे रोजचं काम. त्यांनी व्हिडिओ दोनदा थांबवून पत्र्याचे जोड बघितले. पत्रा नव्हताच. खाली लोखंडी सांगाडा आणि वर पॉलिप्रॉपिलीनचे पॅनल.

"पोरा, ह्यानं रंगाचा खर्च वाचवला असं तुला वाटतंय. ह्यानं रंगाचं आख्खं शॉपच वाचवलंय," मिस्त्री म्हणाले. "गाडीच्या कारखान्यात पेंटशॉप म्हंजे सगळ्यात महागाचं काम. भट्ट्या, टाक्या, धूर काढायची यंत्रणा. वर पत्रा दाबायचे प्रेस न्हाईत, त्यांच्या डाया न्हाईत. पॅनल मोल्डमधनं काढायचं आणि बोल्टनं लावायचं. घासलं तर गंज धरत न्हाई, फुटलं तर तेवढंच बदलायचं."

हा कारखाना इंडियानातल्या वॉर्सा गावात, छपाईच्या एका जुन्या बंद कारखान्याच्या जागेत उभा राहतोय. रंग हवा असेल त्यानं वरून रंगीत फिल्म चिकटवायची. पाच माणसं बसवायची असतील तर मागचं टप आणि सीट असं किट घ्यायचं, की पिकअपची जीप होते. किट मालकाला स्वतः बसवता यावं, दुरुस्ती जमेल तेवढी स्वतः करता यावी, म्हणून कंपनी शिकवणीचे व्हिडिओ देणार आहे.

"हे तर आपलंच काम हाय," मिस्त्री म्हणाले. "चेसिस आणा, बाकी आमी बघतो."

इथं मी त्यांना अडवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं मंजुरी घेतलेल्या मूळ घडणीत मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही, पासिंगला गाडी अडकते. मिस्त्रींना ते माहीत होतंच. त्यांचं म्हणणं इतकंच, की कंपनीनंच बोल्टची भोकं ठेवावीत, मापं उघड करावीत, किटला मंजुरी घ्यावी आणि मग ते किट उद्यमनगरात बनू द्यावं. दुधाच्या कॅनसाठी वेगळं, भाजीसाठी वेगळं, फौंड्रीच्या कास्टिंगसाठी वेगळं. मला हे मनापासून पटतं. ह्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या लेथवर सुटे भाग काढलेत. मापं मिळाली तर किट करायला दुसरीकडं जायची गरज नाही.

खरा वाद पेटला तो पिंट्यानं शेवटचा तक्ता दाखवल्यावर. ज्या गाडीला रेडिओ नाही, तिला आठपर्यंत एअरबॅग आहेत. समोर आडवं काही आलं तर आपोआप लागणारा ब्रेक आहे. मागचा कॅमेरा आहे, कारण तिथं २०१८ पासून तो कायद्यानंच लागतो. आणि एसी आहे.

"एसी?" गूळवाले दादा उडाले. "आन् म्हणं बिनाचैनीची गाडी!"

"एसीला चैन कोण म्हणतंय?" अण्णांचा आवाज चढला. "एप्रिलात दुपारी बाराला भरलेली गाडी घिऊन निपाणीच्या रस्त्याला लागा तुमी. सीट तापती, स्टेअरिंगला हात लावंना. तुमचा गूळ मागं ताडपत्रीखाली सावलीत, आणि ड्रायव्हर उन्हात."

"अण्णा, एसीनं बॅटरी खाल्ली तर रेंज खाली येती. मालकाला परवडाय नको?"

"आणि ड्रायव्हर झोपला तर परवडतंय व्हय?"

यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग सगळे एकदम बोलायला लागले. मी अण्णांच्या बाजूनं होतो आणि आहे. आपल्याकडं १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, पण तो साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना. छोटा टेंपो त्यातून सुटला. तो चालवणारा माणूस दिवसाला दहा ठिकाणी चढ-उतार करतो, पण कायद्याच्या लेखी त्याला ऊन लागत नाही. आपल्याकडं गाडी स्वस्त करायची म्हटली की पहिली कात्री ड्रायव्हरच्या अंगाला लागते. सीट पातळ होते, एअरबॅग जाते, एसी जातो. स्लेटनं कात्री कारखान्याला लावली. रंग, प्रेस, स्क्रीन आणि एकाच गाडीचे सतरा प्रकार काढून टाकले. ती गाडी उद्या चालो न चालो, हा क्रम मला बरोबर वाटतो.

पिंट्याला तेवढ्यात रेडिओ आठवला. "मग गाणी? तीबी चैन न्हाई म्हणा आता."

"न्हाईच मुळी," अण्णा म्हणाले. "रातच्याला एकटा माणूस गाडी चालवतोय, त्याला आवाज लागतोय. पण त्यो माझा मी बसवीन. त्याला कंपनी कशाला?"

पुराचाही विषय निघाला. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं होतं, त्यामुळं बॅटरीची गाडी म्हटलं की इथं हा प्रश्न येणारच. आयपी ६७ चा शिक्का असलेली बॅटरी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला हवी, एवढाच त्या शिक्क्याचा अर्थ. रात्रभर पाण्यात उभी राहिलेली गाडी त्यात बसत नाही. पाणी चढायच्या आधी गाडी उंचावर न्यायची, डिझेल असो वा बॅटरी.

गूळवाले दादा शेवटपर्यंत एसीवर मानले नाहीत. एक मात्र ते कबूल झाले. शोरूमवाल्याला मोकळ्या गाडीची ट्रायल मागायची नाही. पंचवीस रवे भरायचे, जोतिबाचा डोंगर चढायचा, आणि वर पोचल्यावर किती टक्के चार्जिंग उरलं ते बघायचं. "आणि दुपारी बाराला," अण्णा म्हणाले, "आणि गाडी तुमी चालवायची, मी न्हाई."