साबणदानीतून जपान

लाइनमन अंगणात उभा राहून वर बघत होता. वर म्हणजे निंबाच्या झाडापासून पाण्याच्या टाकीपर्यंत ताणलेल्या माझ्या ३३ फुटी तारेकडे.

"काहो भाऊ, आकडा टाकला काय?"

मी म्हटलं नाही हो, हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोकांच्या वायरलेसची, अँटेना आहे, सरकारी लायसन आहे. लायसन आणून दाखवलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "बरं, मंग करंट कुठून घेता?" आता काय बोलणार, हिंगणघाट तालुक्यात तार वर गेली म्हणजे आकडाच, तारेचा दुसरा उपयोग लोकांना पटतच नाही.

पण तार सोपी होती हो. खरा ताप टेबलावर होता, रेडिओ आणि लॅपटॉपच्या मधात. मला एफटी८ करायचं होतं. म्हणजे तोंडाने बोलायचंच नाही, लॅपटॉप पिपाणीसारखे आठ सूर काढतो, रेडिओ ते हवेत सोडतो आणि तिकडचा लॅपटॉप ते ऐकून अक्षरं करतो. आपल्या कानाला नुसती खरखर असते तेव्हाही त्याला त्यात नाव-गाव सापडते. २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके या दोघांनी हे काढलं, त्यातल्या टेलरला नव्या प्रकारच्या पल्सरच्या, म्हणजे रेडिओचे ठोके देणाऱ्या ताऱ्याच्या, शोधासाठी १९९३ चं नोबेल मिळालेलं. बाबांना हे सांगितलं तर म्हणे, "नोबेल भेटल्यावरही माणसाले घरी काम नव्हतं काय?"

यात सगळं पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीत चालते, घड्याळ एखाद-दोन सेकंदही इकडेतिकडे चालत नाही. आमच्याकडे साडेसहाचं लग्न नऊला लागते.

तर रेडिओ आणि लॅपटॉप जोडणारा तयार डबा मिळतो, पण त्याची किंमत पाहून मी म्हटलं घरीच करू. पहिला प्रयोग एकदम देशी. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढली आणि थेट रिगच्या, म्हणजे त्या रेडिओच्या, माइकमध्ये घातली, व्हॉक्स चालू केला, म्हणजे आवाज आला की रिग आपोआप ट्रान्समिटवर जातो. गेला ना. पण लॅपटॉपचं चार्जर एका बोर्डावर, रिगचा सप्लाय दुसऱ्या बोर्डावर, दोघांच्या अर्थिंगची वायरीतून गाठ पडली आणि असा घूंऽऽ सुरू झाला की जशी गावची डीपी आमच्याच टेबलावर आणून बसवली.

त्यात मी चहाला उठलो, आणि भाच्याने लॅपटॉपवर पोळ्याच्या झडत्यांचा व्हिडिओ लावला. व्हॉक्सला काय, आवाज तो आवाज. लाल दिवा लागला आणि "हर बोला हर हर महादेव" १४.०७४ मेगाहर्ट्झवर निघालं. हॅमवाल्याला गाणीबजावणी सोडायला सक्त मनाई आहे, मी कप तसाच ठेवून धावलो, वायर उपटली आणि पोट्टं म्हणते, "मामा, काहून बंद केलं?" दोन दिवस मी रिगला हात लावला नाही.

मग एका जाणकार हॅमने फोनवर समजावलं की बाबू, दोघांना जोडायचं पण शिवू द्यायचं नाही. हे मला लगेच कळलं, कारण आमच्या गावात धुऱ्यावरून भांडलेले दोन भाऊ आहेत, एकमेकांच्या दारात पाय ठेवत नाहीत, पण सगळे निरोप मायच्या तोंडून बरोबर जातात. इथे माय म्हणजे ट्रान्सफॉर्मर. ६०० ओहमचा, इकडची गुंडाळी वेगळी, तिकडची वेगळी, मधातून फक्त आवाज जातो. तो मला भंगारवाल्याकडे डायल-अपच्या जमान्यातल्या मोडेम कार्डावर सापडला, आख्ख्या कार्डाचे वीस रुपये. आणि रिगला "बोल" म्हणायला ऑप्टोकपलर, चार पायांचा काळा किडा, पीसी८१७, मेलेल्या मोबाइल चार्जरमधून काढला. त्याच्या आत इकडे बारीक एलईडी लागतो, तिकडे तो उजेड पाहून स्विच पडतो. वायरीला वायर नाही. हे दोन्ही मी गुलाबी साबणदानीत बसवलं कारण घरात झाकणाचं तेवढंच रिकामं होतं.

आवाजही कमी करावा लागला. माइकला लागतात काही मिलिव्होल्ट, लॅपटॉप देतो व्होल्टभर. १० के आणि १०० ओहमचे रेझिस्टर लावून शंभरावा हिस्सा केला, जसं पंधरा लिटरच्या पंपाला झाकणभर औषध. जास्त झालं तर तिकडे पऱ्हाटी जळते, इकडे बाजूच्या फ्रिक्वेन्सीवरच्या सगळ्या लोकांचा बँड.

तरी एक खोड राहिलीच. लॅपटॉप सुरू केला की त्या काळ्या किड्याला इशारा देणारी सिरीयल पोर्टची लाइन आपोआप वर जायची आणि रिग कोणी न सांगता ट्रान्समिटवर. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, तुमची साबणदानी एकटीच बोलून राहिली!" उपाय काय, तर आधी लॅपटॉप, मग रिग. तेव्हापासून हाच क्रम.

सगळं जमलं त्याच दिवशी सातला लाइन गेली. मी गुपचूप गोठ्यात गेलो आणि ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली. बॅटरीवर घूंऽऽ नाही, काही नाही, एकदम शांत. सीक्यू मारला, म्हणजे "कोणी आहे काय" अशी हाक. तिसऱ्या पाळीला जपानचा एक जण आला. एवढ्यात बाबा मागे उभे.

"कोण हाय?"

"जपानचा."

"काय म्हणते?"

"उणे एकोणीस."

"म्हंजे?"

"म्हणजे माझा आवाज तिकडे लई बारीक येऊन राहिला."

"मंग तू काय म्हटलं?"

"त्याला आधीच उणे बारा म्हटलं होतं."

स्क्रीनवर ७३ आलं. मी सांगितलं, हा रामराम. झालं बोलणं, दीड मिनिटात. बाबा वाट पाहत होते. "पाणीपाऊस काही इचारला नाही त्याले?" मी म्हटलं, मोकळं लिहायला तेराच अक्षरं मिळतात. ते काहीच न बोलता झोपायला गेले. मी मात्र त्या आनंदात दोनपर्यंत बसलो, आणि तिथेच डोळा लागला, रिग चालूच.

सकाळी बॅटरी जागेवर बसवून मी साळसूदपणे दात घासत होतो. रोटाव्हेटर मारायचा होता. बाबांनी किल्ली फिरवली, ट्रॅक्टर फक्त टक् म्हणाला. परत फिरवली, परत टक्. मग त्यांनी आधी बॅटरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इचार तुह्या जपानवाल्याले, धक्का द्याले येते काय."