विजेची नोटीस घरी यावी म्हणून काय करावे

आधी एक गैरसमज काढून टाका. वीज कंपनीची नोटीस मिळवायला आकडा टाकावा लागत नाही. आकडा हा जुन्या वळणाच्या कष्टाळू माणसांचा मार्ग. बांबू शोधा, वायरची टोकं सोला, अंधार पडायची वाट बघा आणि भरारी पथकाची जीप यायच्या आत सगळं उतरवून ठेवा. एवढं करून पदरात काय, तर कलम 135. वीज तिथल्या तिथे तोडणार, चोवीस तासांत पोलिसांत तक्रार, आणि शाबीत झालं तर तीन वर्षांपर्यंत आत राहायची सोय. पांढरपेशा माणसाला हे झेपत नाही. आपल्यासाठी 2003 च्या वीज कायद्यात कलम 126 आहे.

126 साठी चोरी करावी लागत नाही. मीटरचं सील शाबूत, बिल दर महिन्याला वेळेवर भरलेलं, तरीही जमतं. ज्या कामासाठी जोडणी घेतली ते सोडून दुसरं काम करा, किंवा शेजारच्या गाळ्यात एक वायर ओढून द्या. मंजूर भार ओलांडला तरी भागतं. ओडिशातल्या एका राइस मिलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये तसं सांगूनच ठेवलंय. मनात पाप असलं पाहिजे अशी अटसुद्धा नाही!

आमच्या मावशीने तर पाटी लावली होती. गॅलरीत एक शिवणयंत्र, पायाचं होतं त्याला नंतर मोटार बसवलेली, आणि दाराशी पत्र्याची पाटी: ‘येथे पिको-फॉल करून मिळेल.’ आलेल्या साहेबांनी मीटरकडे एकदा पाहिलं आणि फोटो काढला पाटीचा. मग मशीनचा. तिसरा फोटो काढताना मावशी म्हणाली, “थांबा, पदर नीट करते.” समोरचे निवृत्त मास्तर चहाचा कप हातात घेऊनच पाहणी अहवालावर सही करायला आले. कशावर सही करतोय हे त्यांनी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका, शेजारधर्म असतो.

इथे महत्त्वाचा प्रश्न येतो: हे कधीपासून चाललंय? आकारणी दुप्पट दराने होते, आणि जेवढा काळ असा वापर झाला तेवढ्या सगळ्या काळाची होते. काळ ठरवताच आला नाही तर पाहणीच्या आधीचे बारा महिने धरतात. म्हणून छाती फुगवून उत्तर द्यावं. मावशीने दिलं. “बावीस वर्षं झाली, साहेब! अख्ख्या आळीचे ब्लाउज माझ्या हातचे.” साहेबांनी पेन खाली ठेवलं, पाणी मागितलं, आणि बारा महिनेच लिहिले. सगळेच साहेब असे तहानलेले नसतात.

मग तात्पुरत्या आकारणीचा आदेश येतो. तो घेऊ नका. दार लावून घ्या, टीव्हीचा आवाज बंद करा, श्वास रोखून बसा. आमच्या काकांचा यावर गाढ विश्वास आहे: सही केली नाही म्हणजे नोटीस लागूच होत नाही. कायदा करणाऱ्यांना असे काका ओळखीचे असावेत, कारण कलम 171 त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. घरातल्या कुणाच्याही हाती द्या, कुणी नसेल तर दर्शनी जागी चिकटवा. नावही लागत नाही. घराचा पत्ता घालून ‘मालक किंवा भोगवटादार’ एवढं लिहिलं की पोचलं. काका आत श्वास रोखून बसले असताना बाहेर चार बाजूंनी चिकटपट्टी लागत होती.

त्या आदेशावर हरकत घेता येते, सुनावणीही मिळते. यात अजिबात पडू नका. राज्य वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात अशी तरतूद आहे की राहत्या घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल, महिन्याचा वापर 300 युनिटपर्यंत आणि आधीच्या वर्षाचा 3600 पर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. मावशीचं बिल कधी 120 युनिटांच्या वर गेलं नाही. म्हणजे एका कागदावर चार ओळी आणि मागच्या बिलांच्या प्रती. पण एवढ्यात मिटलं तर पुढची मजा हुकते. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अंतिम आदेश होतो. मग आणखी तीस दिवसांत अपील, आणि अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरायची. लग्नाचा आहेर निदान जेवणानंतर देतात. थकवलीत तर वर्षाला 16 टक्के व्याज, तेही दर सहा महिन्यांनी चक्रवाढ. आमच्या पतसंस्थेने ठेवीवर असा दर कधी दिला नाही. “दिवाणी कोर्टात खेचतो” असं मात्र ओट्यावर उभं राहून जरूर ओरडा. दिवाणी कोर्टाला यात अधिकारच नाही, त्यामुळे खर्च काही नाही.

हेच काका मोबाईलवर काय करतात ते सांगतो. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा,’ असा मेसेज आला. अनोळखी नंबर, खाली ना शिक्का ना सही. काकांनी दुसऱ्या मिनिटाला फोन लावला, तो मी हातातून ओढून घेतला म्हणून खातं वाचलं. खरी थकबाकी असली तरी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे त्यांना पटेना. लेखी म्हटल्यावर त्यांचा विश्वासच उडतो.

विसाव्या दिवशी मी हरकतीचा अर्ज लिहायला बसलो आणि आदेश सापडेना. विम्याच्या पावत्यांत नाही, देवाच्या फोटोमागे नाही, बिस्किटाच्या डब्यात नाही. शेवटी मावशीनेच मापाच्या वहीतून काढला. दारावरून अलगद सोडवून घेतला होता, कागद जाड आणि पाठीमागून कोरा होता म्हणून. मागे लिहिलं होतं: ‘छाती 36, बाही 9, मागे नाडी, गुरुवारी हवा.’

प्रत काढायला मागितला तर म्हणाली, “गुरुवार होऊ दे.”