रद्दी कोणती, हे ठरवतं कोण?

मराठा आरक्षणासाठी झालेल्या कुणबी नोंदींच्या शोधानं एक काम नक्की झालं. तहसील कचेऱ्यांच्या रेकॉर्ड रूममधले, वर्षानुवर्षं गाठ न सुटलेले रुमाल, म्हणजे कागदांची कापडी गाठोडी, २०२३ मध्ये सुटले. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. ‘कोतवाल बुक’ची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंच्या नोंदवहीची, चर्चा चहाच्या टपरीवर व्हायला लागली. आमच्या खानदेशात ती आधीही होतच होती म्हणा. जात पडताळणीच्या फेऱ्यात सापडलेल्या घरांत अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा पोरांच्या वाढदिवसांसारख्या पाठ असतात. त्याआधीच्या कागदाला वजन, नंतरच्याला फारसं नाही.

सापडलेल्या कागदांवर सगळे बोलले. मला न सापडलेल्यांवर बोलायचंय.

सरकारी कचेरीत कागदाचं आयुष्य अ, ब, क, ड या अक्षरांवर ठरतं. ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ म्हणजे तीस वर्षं, ‘क’ त्याहून कमी, ‘ड’ म्हणजे वर्षभरात वाटेला लागला. मुदत भरली की निंदणीकरण, म्हणजे कागद निवडून नष्ट करणं. पद्धत वाईट नाही. सगळंच ठेवा म्हणणाऱ्यांतला मी नाही. सगळं ठेवलं तर हवं ते सापडत नाही, आणि वाळवी तर वर्ग बघून खात नाही. ‘भाऊ, ठेवाले जागा कोठे शे?’ हे रेकॉर्ड कीपरचं म्हणणंही खरं आहे. माझा आक्षेप वर्ग ठरवताना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला आहे. प्रश्न असतो : कचेरीला हा कागद किती दिवस लागेल? ज्याचं नाव त्यावर आहे त्याला किती दिवस लागेल, हे कोणी विचारत नाही.

बहात्तरच्या दुष्काळाचंच घ्या. खडी फोडणाऱ्या, तगारी उचलणाऱ्या बायकांची नावं कुठं होती? सातबाऱ्यावर नाही, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाही, घराच्या उताऱ्यावर तर नाहीच. होती ती हजेरीपटावर, समोर अंगठा. हिशेबतपासणी झाली की कचेरीच्या लेखी हजेरीपटाचं काम संपतं. पण त्या बाईचं नाव सरकारनं आयुष्यात एकदाच लिहिलं असेल, तर तिच्या लेखी तो कागद ‘अ’ वर्गाचा नाही का?

आता सातपुड्यातलं. अक्कलकुवा, धडगाव भागात २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावे भरले गेले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतो हे दाखवायचं होतं. पट्टा नसलेल्या माणसानं दाखवायचं काय? तर वनखात्यानं अतिक्रमण म्हणून फाडलेली दंडाची पावती! ज्या कागदानं बापाला गुन्हेगार ठरवलं, तोच लेकाच्या हक्काचा पुरावा झाला. पावती फाडणाऱ्या गार्डला हे स्वप्नातही आलं नसेल, आणि ज्या घरात ती चुलीत गेली त्यांनाही. म्हणून ‘हे कशाला लागणार आहे’ हे वाक्य कचेरीत कोणी छातीठोकपणे बोललं की मला भीती वाटते. नियमांत वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा म्हणून मान्य आहे, ही त्या कायद्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. पण प्रत्यक्षात कागदवाल्याचं ऐकलं जातं, जबाबवाल्याला उद्या या म्हणतात.

धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गेले, १९२६ च्या ३१ डिसेंबरला, आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. तिथल्याच समर्थ वाग्देवता मंदिरानं जुन्या हस्तलिखितांची बाडं जपली. याचा मला अभिमान आहे. पण लिहित्या घरांचंच दप्तर असतं, आणि दप्तर असलेल्यांचाच इतिहास होतो. भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक १८५७-५८ मध्ये इंग्रजांशी लढला, त्याची हकिगत आपल्याला कळते ती मुख्यतः त्याच्यामागे लागलेल्या साहेबांच्या अहवालांतून. भिल्लांच्या बाजूचं दप्तर कोणी बांधलंच नाही.

आता दुसरी बाजू, जी जास्त अवघड आहे. जपलेलं दाखवायचं कुणाला?

पुण्याच्या पेशवे दप्तराचे दरवाजे इंग्रजांनी आपल्या संशोधकांना कितीतरी काळ नीट उघडले नाहीत. आत इनाम-वतनांचे कागद होते, उद्या कोणी हक्क सांगत आला तर? म्हणजे गुपित सरकारचं होतं. ते फोडायलाच हवं होतं. पण म्हणून सगळंच सगळ्यांना उघडं करा, असं मी म्हणणार नाही. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जात असते, मरणाचं कारण असतं, आणि बापाच्या नावाची जागा कधी कोरी असू शकते. कुणबी नोंदींची पानं स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवली गेली. ज्याला नोंद हवी त्याची सोय झाली, मान्य. पण पान अख्खं चढतं, आणि त्याच पानावर शेजारच्या चार घरांचंही सगळं असतं. त्या घरांना विचारलं कोणी?

त्याहून जड उदाहरण म्हणजे गुन्हेगार जमाती कायद्याखालची हजेरी-रजिस्टरं. अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा हा कायदा १८७१ चा, रद्द झाला १९५२ मध्ये. ती रजिस्टरं जाळावीत असं वाटणारे आहेत, त्यांचा राग मी समजू शकतो. तरी ती राहावीत असंच माझं मत आहे, कारण अन्यायाचा पुरावा अन्याय करणाऱ्याच्याच हस्ताक्षरात आहे. मात्र ती बघायची परवानगी द्यायला त्या समाजातली माणसं बसलेली असावीत. नुसता अधीक्षक नको.

माझा हिशेब साधा आहे. कचेरीनं काय केलं याचा कागद लवकर उघडा, माणसावर काय बेतलं याचा उशिरा, आणि आधी त्याच्या वारसांना. होतंय उलटं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमातली, सार्वजनिक हितासाठी माहिती उघड करता येण्याची तरतूद काढून टाकली. म्हणजे टाकलेल्या बाईच्या लेकराची नोंद आणि साहेबाच्या मालमत्तेचा तपशील, दोघांना एकच कुलूप! आणि त्या लेकराची नोंद स्कॅनमध्ये कधीच जगभर गेलेली.

राज्याचा सार्वजनिक अभिलेख कायदा २००५ चा आहे. कागद बेकायदा नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षेपेक्षा मला एक छोटी गोष्ट हवी आहे. निंदणीकरणाआधी काय काय जाणार याची यादी ग्रामसभेत वाचा, महिनाभर फलकावर लावा. कागद गेला तरी यादी कायम ठेवा. जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगावच्या बंद पडलेल्या गिरण्यांपैकी ज्या खासगी होत्या, त्यांच्या हजेरीपटांना तर हा कायदा लागूच होत नाही. तिथं कामगारांच्या पोरांनीच काही करायला हवं. आणि ज्यांच्या माळ्यावर जुनी पेटी आहे त्यांनी ती संस्थेला देताना अट लिहून द्या : भाऊबंदकीची पत्रं इतकी वर्षं बंद, बाकी खुली. तसं देता येतं.

कुणाच्या पंचायत समितीत किंवा तहसिलीत बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळी कामांचे हजेरीपट अजून शिल्लक असतील तर कमेंटमध्ये तालुक्याचं नाव तेवढं टाका. पानाचा फोटो नको.