घाटातला माहितीफलक: वापरायची योग्य पद्धत

पाऊस आहे, रविवार आहे, म्हणजे तुम्ही नाणेघाटाला जाणारच. उलटा धबधबा रीलमध्ये पाहिलाय ना! जुन्नरकडून जाताना वाटेत एक माहितीफलक लागतो. त्याचं नेमकं काय करायचं, याबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. म्हणून थोडं मार्गदर्शन.

सर्वांत आधी, फलक वाचू नये. मागच्या गाड्या खोळंबतात.

मोटारसायकल त्याच्या खांबालाच टेकवावी. खांब त्यासाठीच रोवलाय.

आता महत्त्वाचं. भाऊंचा वाढदिवस आला की फ्लेक्ससाठी जागा शोधत हिंडू नका. सरकारी खर्चानं सांगाडा तयार उभा आहे. चार कोपऱ्यांना सुतळी मारली की झालं. परवा मी पाहिला तो असाच होता. भाऊ गॉगल लावून, मोबाईल कानाला, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साईझ चेहरे. वाढदिवस मे महिन्यातच उरकलेला. एक कोपरा वाऱ्यानं सुटला होता, त्याच्याआडून 'सातवाहनका' एवढीच अक्षरं डोकावत होती. मी जरा उचलून बघायला गेलो, तर टपरीवरून हाक आली, "ओ काका, हात नका लावू, भाऊंचा आहे."

बरोबरच आहे. आत असं काय मोठं होतं? जुन्नरच्या बाजारपेठेतून लादलेले बैल याच खिंडीतून कोकणात उतरायचे. कल्याणच्या खाडीत माल गलबतात चढायचा आणि समुद्रापार जायचा. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तकात कल्याण आणि सोपारा ही दोन्ही बंदरं नावानिशी आहेत. इथल्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गाई, किती कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दक्षिणा म्हणून दिले, याचा हिशेब हजारांच्या आकड्यांत दगडावर कोरलाय. आपल्याकडच्या सर्वांत जुन्या अंकलेखनापैकी हे एक. शेजारी सिमुक, सातकर्णी हे सातवाहन राजे, खुद्द नागनिका यांचे पुतळे होते. आज फक्त पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं उरलीत. भाऊ मात्र डोक्यापासून बुटांपर्यंत शाबूत.

लेण्यात नाव कोरायचंच असेल तर निदान ब्राह्मीत कोरा.

घाटमाथ्यावरचा दगडी रांजण विसरू नका. तिथं जकात गोळा व्हायची असं सांगतात. तुम्ही चिप्सची पाकिटं जमा करा, बाटल्या जमा करा, कणसाची बुरखुंडं टाका. मी पोचलो तेव्हा त्यात पावसाचं पाणी, त्यावर तरंगणारा प्लास्टिकचा चमचा आणि अर्धवट खाल्लेल्या मॅगीचा कागदी द्रोण होता. एक गृहस्थ मुलाला उचलून धरून सांगत होते, "टाक टाक, डस्टबिन आहे ते."

तुमच्यावर नवा फलक लावायची पाळी आली, तर वरच्या निम्म्या भागात मान्यवर. माहिती उरलेल्या जागेत मावली तर मावली.

हां, भाऊंच्या बाजूनं एक मुद्दा आहे, तो सांगायलाच हवा. सातवाहनांनीही आपले पुतळे उभे केले होते, नावांसकट. पण आधी घाट फोडला, पाण्याची टाकी खोदली, जिथून माणसं आणि माल शतकानुशतकं जात राहिला! भाऊंनी कोणता रस्ता केला? मला एक दाखवा. एक!

आणि तुम्ही? पेट्रोल जाळून एवढ्या लांब येता, तासभर पाण्यात नाचता आणि पाच ओळी वाचायला तुम्हाला वेळ नाही. नका वाचू. पण दुसऱ्यानं वाचू नये म्हणून त्यावर फ्लेक्स कशाला? संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर १९५८च्या कायद्यानं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तो कोणी करत नाही, म्हणून चाललंय तुमचं. लाज नाही, निदान भीती तरी असावी. पुढच्या खेपेला जाल तेव्हा ती सुतळी कापा, फ्लेक्स गुंडाळून भाऊंच्या दारात नेऊन टाका. आणि स्वतःच्या बाटल्या स्वतःच्या गाडीत घालून घरी न्या.