चार्टर स्कूल म्हणजे विकलेली शाळा?

शाळांच्या खासगीकरणाचा विषय निघाला की आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एक जुना फॉरवर्ड हमखास परत येतो. 'अमेरिकेने सरकारी शाळा कंपन्यांना विकल्या. त्यांना चार्टर स्कूल म्हणतात. कंपनी वाटेल ती फी लावते, हुशार मुलं निवडून घेते, हवा तो धर्म शिकवते आणि सरकारला हिशेब देत नाही.' मी न्यू जर्सीत राहते, मुलगी अशाच एका शाळेत जाते, त्यामुळे दर वेळी उत्तर टाइप करायला घेते आणि अर्धवट सोडते. आज पूर्ण लिहिते.

आधी 'विकल्या'. चार्टर हे खरेदीखत नाही, सरकारी पैशावर शाळा चालवण्याचा मुदतीचा करार आहे. असा पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉलमध्ये पहिली शाळा उघडली. परवानगी कुणी द्यायची हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. कुठे स्थानिक शिक्षण मंडळ देतं, कुठे विद्यापीठ, कुठे राज्याचं वेगळं मंडळ. आमच्याकडे तो अधिकार फक्त राज्याच्या शिक्षण आयुक्तांना. न्यू जर्सीच्या १९९५ च्या कायद्यात चार्टर स्कूलला सरळ 'सार्वजनिक शाळा' म्हटलंय. स्थानिक मंडळापासून स्वतंत्र, स्वतःच्या विश्वस्त मंडळाने चालवलेली, पण सार्वजनिक. पहिला करार ४ वर्षांचा, नूतनीकरण ५ वर्षांचं. मुलांची प्रगती आणि जमाखर्च बघून आयुक्तांनी नूतनीकरण नाकारलं, की शाळेला कुलूप.

आपला गोंधळ होतो तो अनुदानित शाळेमुळे. तिथे शाळा संस्थेची, पगार सरकारचा. उद्या अनुदान थांबलं तरी शाळा संस्थेचीच राहते. इथे चार्टर गेला की चार्टर शाळा म्हणून काही उरतच नाही.

फी नाही. केंद्र सरकार चार्टर शाळांना अनुदान देतं, त्या कायद्यातल्या व्याख्येत शिकवणीचं शुल्क घ्यायचं नाही, ही अट आहे. त्याच यादीत नागरी हक्कांचे आणि अपंग मुलांच्या शिक्षणाचे कायदे पाळणं, हिशेबतपासणी करून घेणं आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढणं, हेही आहे.

सोडतीचं म्हणाल तर माझ्या मुलीला पहिल्या वर्षी प्रतीक्षायादीत ४७ वा नंबर मिळाला होता. शेजारणीच्या धाकट्याला जागा मिळाली, कारण मोठी बहीण आधीच त्या शाळेत होती. भावंडांना प्राधान्य देता येतं. गुणपत्रिका कुणी मागितली नाही. आता, अर्जाची तारीख वेळेवर कळणं, फॉर्म भरणं, बस नसेल तर मुलाला पोचवणं हे सगळ्या आईबापांना सारखं जमत नाही, त्यामुळे छुपी चाळणी लागतेच. पण फॉरवर्ड म्हणतो तशी निवड ती नव्हे.

धर्माचा मुद्दा तर ताजा आहे. ओक्लाहोमात २०२३ मध्ये सेंट इसिडोर या कॅथलिक ऑनलाइन शाळेला चार्टर मंजूर झाला होता. चार्टर शाळा सार्वजनिक असते, ती धार्मिक असू शकत नाही, म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो २०२४ मध्ये रद्द केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मे २०२५ मध्ये ४-४ अशी बरोबरी झाली, म्हणून राज्याचा निकाल कायम राहिला. बरोबरीने देशभराचा पायंडा पडत नाही, तेव्हा हा वाद पुन्हा येईल.

'हिशेब देत नाही'? आमच्या विश्वस्त मंडळाची बैठक शाळेच्या कॅफेटेरियात, मुलांच्या बुटक्या बाकांवर बसून होते. विषयपत्रिका आधी जाहीर होते, कारण सार्वजनिक बैठकांचा कायदा लागू आहे. पालकांना बोलायला ३ मिनिटं. गेल्या खेपेला त्यातली अर्धी सफाईच्या कंत्राटावर गेली. विश्वस्तांना स्वतःच्या आर्थिक हितसंबंधांचं विवरणही द्यावं लागतं. कॅलिफोर्नियाने खुल्या बैठकांचे आणि माहिती मागण्याच्या हक्काचे नियम २०१९ मध्ये चार्टर शाळांना स्पष्टपणे लावले. पण हे विश्वस्त मतदारांनी निवडलेले नसतात, आणि ती तक्रार रास्त आहे. याच कारणावरून वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तिथला चार्टर कायदाच रद्द केला. पुढच्या वर्षी विधिमंडळाने नवा कायदा आणला आणि पैसा राज्याच्या लॉटरीच्या उत्पन्नातून दिला!

राहिली कंपनी. फॉरवर्डमध्ये तथ्य आहे ते इथे. बहुतेक राज्यांत चार्टर ना-नफा मंडळाच्या नावावर असतो, पण ते मंडळ शाळा चालवण्याचं काम नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला देऊ शकतं. कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ पासून ही वाट बंद केली. सगळीकडे ती बंद नाही. ओहायोत काही शाळांनी व्हाइट हॅट नावाच्या कंपनीशी करार केला होता. सरकारकडून येणाऱ्या पैशातला ९५ टक्क्यांच्या आसपास वाटा कंपनीला, आणि त्यातून घेतलेलं सामान कंपनीच्या नावावर. पुढे मंडळांचं कंपनीशी बिनसलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की कराराला तुम्हीच सह्या केल्यात. जनतेच्या पैशातून आलेली टेबलं-खुर्च्या आणि संगणक हवे असतील, तर शाळांनी ते कंपनीकडून विकत घ्यावेत.